बाबा, भडंग आणि नागोचा गुलाबी कॅन

ही पोस्ट फेब्रुवारीतच लिहायची होती, पण राहून गेली, आणि आता शेवटचा कॅन पण संपला त्यामुळे लिहूनच टाकते.

जानेवारीत बाबा पहिल्यांदा तोक्योला आले, दीड महिन्यासाठी. मिरजेची थंडी म्हणजे सकाळी एक स्वेटर आणि कानटोपी, दहा वाजले की ते पण काढायचं, इथली थंडी मात्र कोरडी आणि थेट हाडात शिरणारी, तिसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे धरले ते धरलेच. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर, क्लच दाबून दाबून डावा गुडघा आधीच गेलेला. नवरा म्हणाला इथे घरात बसवून ठेवण्यापेक्षा त्यांना ओकिनावाला (जपानच्या दक्षिणेकडचं बेट) घेऊन जा, तिथे ऊब असेल. त्याला सुट्टी नव्हती. मग मी आणि बाबा दोघंच निघालो, तीन तासांचं विमान, नाहाला, म्हणजे ओकिनावाच्या मुख्य शहराला, उतरलो तर सतरा-अठरा डिग्री, बाबांनी विमानतळाच्या बाहेर येऊन जॅकेट काढलं, हातावर टाकलं आणि म्हणाले, हां, आता कसं माणसात आल्यासारखं वाटतंय.

नाहाहून आम्ही नागोला गेलो. नागो हे बेटाच्या उत्तरेकडचं गाव, बसने पावणेदोन-दोन तास. गाडी भाड्याने घेतली नाही कारण तिथे जाऊन बिअर प्यायची हे माझ्या डोक्यात आधीपासून होतं (बाबांना तेव्हा सांगितलं नव्हतं), आणि जपानमध्ये पिऊन गाडीला हात लावायचा नाही म्हणजे नाहीच. बसमध्ये बाबा सगळ्यात पुढच्या सीटवर. त्यांना मी एक गोष्ट सांगितली ती त्यांना इतकी आवडली की नंतर फोनवर मिरजेतल्या निम्म्या डेपोला सांगून झाली. युद्धानंतर ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होतं, १९७२ ला जपानला परत मिळालं, पण गाड्या मात्र अमेरिकेसारख्या रस्त्याच्या उजव्या बाजूनेच चालायच्या. मग ३० जुलै १९७८ ला एका सकाळीत अख्ख्या बेटाची बाजू बदलली, सगळे डावीकडून. बसचे दरवाजे दुसऱ्या बाजूला पाहिजेत म्हणून हजाराच्या वर नव्या बस आणल्या. बाबा बराच वेळ गप्प बसून ड्रायव्हरकडे बघत होते, मग म्हणाले, त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या ड्रायव्हरांची काय अवस्था झाली असेल गं, हात आपोआप तिकडेच जाणार ना.

आता बिअरकडे येते.

नागोला जायचं कारण ओरायन. ओरायन ही ओकिनावाची स्वतःची बिअर आणि तिची ब्रुअरी (बिअरचा कारखाना) नागोत आहे. १९५७ मध्ये कंपनी सुरू झाली, सुरू करणारे गुशिकेन सोसेई, त्यांचा आधी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) आणि सोया सॉसचा धंदा होता. बेटाच्या दक्षिणेकडे चुनखडीचा खडक आहे त्यामुळे पाणी जड, नागोचं पाणी चांगलं म्हणून ब्रुअरी तिथे. नाव लोकांनी ठेवलंय, स्पर्धा घेऊन, लोकांकडून नावं मागवली आणि त्यातून ओरायन निवडलं. कारण काय तर दक्षिणेकडचा तारा, आपण दक्षिणेकडचं बेट, शिवाय तेव्हाच्या अमेरिकन सर्वोच्च कमांडरच्या खांद्यावर तीन स्टार असायचे, आणि ओरायनमध्ये पण तीन चांदण्या ओळीत. बिअर बाजारात आली १९५९ ला, कॅनवर त्या तीन चांदण्या अजून आहेत.

बाबांना मी तो लोगो दाखवला तर ते म्हणाले, अगं हे मृग. तीन चांदण्या म्हणजे व्याधाने मारलेला बाण. मला लहानपणी गच्चीवर त्यांनीच दाखवलेला. इतकी वर्षं मी ही बिअर पितेय, एकदाही डोक्यात आलं नाही की ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र. नावाचा अर्थ पाठ होता, पण चांदण्या ओळखल्या बाबांनी.

नागोला आम्ही पोचलो तेव्हा साकुरा (चेरीची झाडं) फुलला होता. जानेवारीत! तोक्योत साकुरा मार्चच्या शेवटी, आणि पुढे उत्तरेकडे सरकत सरकत होक्काइदोला मे उजाडतो. ओकिनावात सगळं उलटं. तिथला साकुरा वेगळ्या जातीचा, कानहिझाकुरा म्हणतात, त्याला फुलायला थोडी थंडी लागते, आणि थंडी आधी उत्तरेला आणि डोंगरावर पडते म्हणून तो उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरमाथ्यावरून खाली असा उमलत येतो. जपानभरात सगळ्यात आधी फुलणारा साकुरा हाच. फूल लहान, घंटेसारखं खाली मान घालून लटकणारं, रंग तोक्योसारखा फिका पांढुरका नाही तर गुलाल आणि राणी कलर यांच्या मधला. आणि पाकळ्या उडत नाहीत. अख्खं फूल देठासकट टप्पकन खाली पडतं. नागोच्या गडावर (गड म्हणजे जुन्या किल्ल्याची टेकडी, आता बाग आहे) दगडी पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना ही झाडं आहेत, बाबा गुडघ्यामुळे अर्ध्यावरच बसले आणि खाली पडलेली फुलं गोळा करून रुमालात ठेवायला लागले, पारिजातक वेचतात तसं.

ओरायन दर हिवाळ्यात या फुलांसाठी एक बिअर काढते. इचिबानझाकुरा, म्हणजे पहिला साकुरा. मर्यादित काळासाठीच, कॅन गुलाबी, त्यावर हीच फुलं. सीझन संपला की गायब. तोक्योत मला ती एकदाच मिळाली होती, तीसुद्धा नशिबाने, त्यामुळे नागोतच जाऊन प्यायची हे बरेच दिवस मनात होतं.

गडावरून उतरून कोपऱ्यावरच्या दुकानात पाणी घ्यायला गेलो. फ्रीज उघडला तर मधला अख्खा कप्पा गुलाबी. बाबा मागून म्हणाले, हे काय, सरबत आहे का?

मी म्हटलं, बिअर आहे बाबा.

आता हे सांगायला पाहिजे की आमच्या घरात कधी बाटली आलेली नाही. बाबा महिन्यातून एखाद्या वेळेस डेपोतल्या मित्रांबरोबर परमिट रूमला बसायचे, दुसऱ्या दिवशी ड्युटी असेल तर कधीच नाही, आणि घरी आल्यावर बडीशेप खाऊन सरळ झोपायचे. मला माहीत होतं, मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं, पण तो विषय कधी निघाला नाही. आणि मी पिते हे आईला माहीत होतं, त्यांना आईने सांगितलं होतं की नाही ते मला माहीत नव्हतं.

बाबांनी फ्रीजमधून एक कॅन हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला, रुमालातलं एक फूल काढून कॅनवरच्या फुलाशेजारी धरलं. हेच आहे की गं, म्हणाले. मग थांबून म्हणाले, घे दोन.

मी सहा घेतले. शिवाय दोन साधे ओरायन ड्राफ्ट, कारण मला शेजारी ठेवून तुलना करायची होती. लिमिटेड एडिशन म्हटलं की लोक म्हणतात आतला माल तोच, डबा फक्त नवीन, आणि बऱ्याच वेळा ते खरंही असतं, म्हणून मी असल्या बिअर नेहमी मूळ बिअरच्या शेजारी ठेवूनच पिते. साधा ड्राफ्टही कमी नाही बरं का, २०२० पासून त्यात इए-जिमा नावाच्या शेजारच्या छोट्या बेटावरची बार्ली वापरतात. आणि ड्राफ्ट म्हणजे नळाची असं नाही, जपानमध्ये उष्णता देऊन न तापवलेल्या बिअरला तसं म्हणतात, त्यामुळे कॅनवरही ड्राफ्ट लिहिलेलं असतं.

संध्याकाळी हॉटेलच्या बाल्कनीत बसलो, समोर समुद्र. चकण्याला बाबांनी बॅगेतून भडंग काढलं, जयसिंगपूरचं, मिरजेहून आणलेलं, तोक्योत दोन पाकिटं संपली होती आणि हे तिसरं त्यांनी इथे न सांगता भरलं होतं. खालच्या हॉटेलातून गोया चांपुरू आणलं होतं. गोया म्हणजे कारलं! ओकिनावाची सगळ्यात प्रसिद्ध भाजी कारल्याची आहे, तोफू आणि अंडं घालून परततात, त्यात डुकराचं मांस असतं ते आम्ही वगळायला सांगितलं. आणि जिमामी तोफू, ज्यात सोयाबीन अजिबात नाही, शेंगदाण्याचं दूध काढून स्टार्च घालून घट्ट करतात, वरून गोडसर सॉस. बाबा म्हणाले शेंगदाण्याचं असं काही होऊ शकतं हे आपल्याकडे कुणाला कसं सुचलं नाही.

पहिले दोन ग्लास मी घाईत ओतले, दुकानातून आणून थेट फ्रीजमध्ये सगळ्यात मागे ठेवलेले कॅन, इतके गार की हातात धरवत नव्हते. प्यायलो तर दोन्ही सारखेच, नुसतं गार आणि बुडबुडे. माझं मन जरा खट्टू झालं. पण चूक माझी होती, इतक्या गारठ्यात जीभ बधिर होते, वास तर वर येतच नाही. उन्हाळ्यात घशाखाली ढकलायची बिअर तशी चालते, ही थंडीच्या दिवसांत काढलेली बिअर आहे, तिला गारठ्याची गरजच नाही. पुढचे दोन कॅन मी बाहेर काढून टेबलावर ठेवले, दहा-पंधरा मिनिटं. तोवर बाबांनी भडंगमधला लसूण वेचून खाल्ला.

मग नीट ओतली, तीन वेळा. आधी उंचावरून, नुसता फेस होऊ द्यायचा, बसायची वाट बघायची, परत ओतायची, परत थांबायचं, शेवटी कडेकडेने. फेस ग्लासच्या वर घुमटासारखा येतो, तीन भाग फेस आणि सात भाग बिअर असं इथे म्हणतात. बाबा सगळं लक्ष देऊन बघत होते, एकदाच म्हणाले, आमच्याकडे ग्लास तिरका करून फेस येऊच देत नाहीत, फेस आला तर पैसे गेले म्हणतात. मी म्हटलं फेस हे झाकण आहे बाबा, वास आत धरून ठेवतो, आणि गॅस थोडा निघून जातो म्हणून पोट फुगत नाही.

शेजारी शेजारी दोन ग्लास ठेवले आणि आता फरक दिसला. साधा ड्राफ्ट पिवळा, स्वच्छ, उन्हातल्या गवतासारखा. गुलाबी कॅनमधली एक छटा गडद, जवसाच्या तेलासारखा सोनेरी. (कॅन गुलाबी आहे, बिअर गुलाबी नाही, आणि त्यात साकुराचा वास किंवा फ्लेवर पण नाही, मला दोघा-तिघांनी विचारलं म्हणून सांगते.) चवीला पहिला घोट मऊ, मधे जरा भरलेला, पावाच्या कडेसारखा गोडवा, मग कडवटपणा येतो पण हळू, आणि लवकर निघून जातो. साधा ड्राफ्ट याच्यापुढे हलका वाटतो, तो तसाच हलका असायला पाहिजे, तिथल्या उन्हाळ्यासाठी आहे. म्हणजे डबाच फक्त बदललेला नव्हता. माझी खात्री पटली.

मी वहीत शब्द शोधत होते, इंग्रजीतून वाचलेले सगळे शब्द, बिस्किट, ब्रेड, हनी. बाबांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि म्हणाले, सातूच्या पिठाचा वास आहे. मग परत वास घेऊन, आणि जरा लाह्या. ज्वारीच्या, नागपंचमीला फोडतो तशा.

मी वही ठेवून दिली. अहो बार्ली म्हणजे सातूच की! भाजून दळलेल्या सातूला दूध-गूळ घालून आजी द्यायची तेव्हा डब्याचं झाकण उघडल्यावर जो वास यायचा, अगदी तोच, माल्ट म्हणजे तरी काय, बार्ली भिजवायची, मोड आणायचे आणि भट्टीत वाळवायची. आणि लाह्यांचं पण खरं आहे, फिक्या माल्टच्या लागरमध्ये (आपली नेहमीची पिवळी बिअर) उकडलेल्या मक्यासारखा, लाह्यांसारखा एक पुसट वास असतो, जास्त झाला तर दोष, इतपत असला तर घरचा वाटतो. मी चार वर्षं बिअरबद्दल वाचतेय आणि हे दोन शब्द माझ्याच घरात पडलेले होते.

बाबांना आधी वाटलं होतं माइल्ड असणार म्हणजे पाणी. आपल्याकडे वेटर पहिला प्रश्न विचारतो, माइल्ड का स्ट्राँग, आणि बहुतेक लोक स्ट्राँगच सांगतात, किक बसली पाहिजे एवढाच हिशोब. साध्या लागरला तिकडचे स्ट्राँगवाले पण हसतात आणि इकडे क्राफ्ट बिअरवाले पण हसतात, फळं घातलेली, कॉफी घातलेली, हॉप्सने (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) तोंड कडू करणारी बिअर तेवढी भारी. मला हे अजिबात पटत नाही. साधी लागर वरणभातासारखी आहे. मसालेभातात एखादा मसाला इकडचा तिकडे झाला तर कळत नाही, वरणभातात डाळ जरा करपली, मीठ जरा जास्त झालं की पहिल्या घासाला कळतं. लागरचं यीस्ट थंडीत काम करणारं, आठ ते बारा डिग्रीत सावकाश आंबवतं आणि मग आठवडेच्या आठवडे शून्याच्या आसपास टाकीत नुसतं ठेवायचं, लागर या जर्मन शब्दातच साठवणं आहे. म्हणजे टाकी अडकून पडते, वीज लागते, वेळ लागतो, आणि एवढं करून चूक झाली तर ती झाकायला काही नाही. वर्षातून थोडेच दिवस विकायच्या बिअरसाठी एका बेटावरची ब्रुअरी हे सगळं करते याचं मला खरंच कौतुक वाटतं.

गंमत म्हणजे सगळ्यात जमली ती भडंगबरोबर. कारल्याबरोबर पण चांगली, कारल्याचा कडूपणा आणि हॉप्सचा कडूपणा भेटले की दोन्ही कमी वाटतात, पण भडंगाचा लसूण, तिखट आणि तेल, त्यावर हा मऊ गोडसर घोट, मग परत मूठभर भडंग. जिमामी तोफूबरोबर नाही जमली, गोडावर गोड होतं, ते नंतर नुसतं खा.

ओकिनावात चिअर्सला कारी म्हणतात, शुभ या अर्थाने. बाबांना ते सोपं वाटलं, दर घोटाला म्हणायला लागले. मग आम्ही पुष्कळ बोललो, डेपोचं, संपाच्या दिवसांचं, मी बारावीला नापास होईन म्हणून ते किती घाबरले होते त्याचं. हे कधीच बोलले नव्हते. एक-दीड कॅन प्यायले असतील फार तर. आठ वाजता आकाशात आग्नेयेकडे तीन चांदण्या बरोबर ओळीत वर आलेल्या, बाबांनी रिकामा कॅन उचलून हात लांब करून त्यांच्या शेजारी धरला, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, बरोबर काढल्यात.

दुसऱ्या दिवशी ब्रुअरीची टूर घेतली. बाबांना टाक्यांपेक्षा पाइप आणि व्हॉल्व जास्त आवडले, एका जागी उभं राहून पट्ट्यावरून जाणारे कॅन किती वेळ बघत होते. तिथली ताजी बिअर कॅनपेक्षा अजून चांगली होती हे वेगळं सांगायला नको. एक मात्र माहिती म्हणून लिहिते, १९७२ पासून ओकिनावात विकल्या जाणाऱ्या तिथल्या बिअरला दारूवरच्या करात सवलत मिळत आली, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच ठरलेली. त्यानंतर छोट्या बेटावरच्या ब्रुअरीला मोठ्या कंपन्यांशी बरोबरीने लढावं लागणार, म्हणून जे कुणी जपानमध्ये आहात त्यांनी दुकानात ओरायन दिसली तर घ्या, खरंच घ्या.

उरलेल्या दोन गुलाबी कॅनपैकी एक नाहाला संपला, एक तोक्योला आणला. तो मी जपून ठेवला. तोक्योचा साकुरा फुलला की त्याच्याखाली बसून प्यायचा असं ठरवलं होतं. बाबा फेब्रुवारीच्या शेवटी मिरजेला गेले. मार्चच्या शेवटच्या रविवारी नदीकाठी चादर टाकून बसले, वरून फिक्या पाकळ्या एक एक करून उडत होत्या, आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते गच्चीवर होते, ऊन चढलेलं, डोक्याला टॉवेल. मी ग्लास कॅमेऱ्यासमोर धरला.

बाबा म्हणाले, वास घे आधी. सातू येतोय का?

मी घेतला. येतोय, म्हटलं.

आणि लाह्या?

परत घेतला. लाह्या नव्हत्या. त्या जागी जरा पुठ्ठ्यासारखा, जुन्या वहीसारखा वास होता, दोन महिने मी तो कॅन फ्रीजमध्ये न ठेवता कपाटात ठेवला होता.

लाह्या गेल्या बाबा, म्हटलं.

मग कशाला ठेवलीस इतके दिवस, म्हणाले. तेव्हाच प्यायची ना, मी होतो तोपर्यंत.